नळाचे पहिले अध्यक्ष

आमच्या वसाहतीत माणसाला वेड लागायचं तर दारूचं लागतं, मटक्याचं लागतं, फार तर मोबाईलचं लागतं. मामांना राष्ट्रपतीचं लागलं होतं. तेही आत्ताच्या नाही, देशाच्या अगदी पहिल्या राष्ट्रपतीचं. तुम्ही म्हणाल, ह्यात वेड कसलं? आवडतो की एखाद्याला एखादा पुढारी. बरोबर आहे. पण शहाणा माणूस आपल्याला दमा झाला म्हणून पेढे वाटत नाही. मामांनी वाटले. डॉक्टरांनी छातीला नळी लावून दमा आहे असं सांगितलं आणि हा माणूस हसत हसत घरी आला. मामींनी डोळ्याला पदर लावला तर म्हणाले, "रडतीस कशाला? पैल्यांना बी दमाच हुता. तसल्या छातीवर त्यांनी आक्का देश चालविला. मला एक नळ चालवाय येनार न्हाय व्हय?"

पैले म्हणजे पहिले राष्ट्रपती. त्यांचं नाव मामा कधी तोंडातून काढायचे नाहीत. जुन्या बायका नवऱ्याचं नाव घेत नाहीत तसं. कुणी मुद्दाम खोदून विचारलं तर म्हणायचे, "नाव घ्यायला त्ये काय माज्या गल्लीतलं पोरगं हाय?" त्यांनी जन्मभर घेतलं नाही, म्हणून मीही इथं घेत नाही. तुम्हाला माहीत असेलच, आणि नसेल तर पोरांच्या शाळेच्या पुस्तकात बघा.

हे माझे सख्खे मामा नव्हेत. लग्न होऊन मी मंद्रूपहून इथं कुंभारीच्या विडी कामगारांच्या घरात आले, तेव्हा शेजारच्या दारात एक उंच, वाळका माणूस वाकडी टोपी घालून उभा होता. माझ्या सासूनं "ह्ये मामा" म्हणून सांगितलं, तेव्हापासून मामा. जन्म गिरणीत गेला. गिरणी बंद पडल्यावर सात रस्त्याला एका ऑफिसात वॉचमन होते, तेही नंतर सुटलं. घर विडी कामगाराचं म्हणून मामींच्या नावावर होतं. मामा त्याचाही मान ठेवायचे. कुणी दारात येऊन "मालक हाईत का?" विचारलं की म्हणायचे, "मालकीण आत हाय. मी भाडेकरू." मामी आतून ओरडायच्या, "भाडं कदी दिलंया का?"

देवाच्या फळीशेजारी पैल्यांचा फोटो असायचा, जुन्या कॅलेंडरातून कापून काचेत बसवलेला. भरघोस मिशा, टोपी जराशी कलती. मामांनीही तशाच मिशा राखल्या होत्या. त्यांची टोपी वाकडी असायची ती ह्या फोटोमुळं. कुणी भल्या मनानं सरळ केली की ते पुन्हा वाकडी करायचे. एका पाडव्याला मामींनी देवांबरोबर त्या फोटोलाही हळदकुंकू लावलं. अगं बाई, काय भडकले! "आदी काच पूस! देव करू नगंस त्यांना. देवाला परश्न इचारता येत न्हाय, आन मला ह्यांना लई परश्न इचारायचेत." आणि विचारायचेही. भाजी महाग झाली की फोटोकडं बघून विचारायचे, वीज गेली की विचारायचे. मामी मला हळूच म्हणायच्या, "माज्याशी दिवसात चार शबूद बोलत न्हाईत. काचंशी बोलताना बग कशी जीब सुटती."

समोरच्या ओळीत कांबळेकाका राहायचे. महापालिकेतून रिटायर झालेले, बौद्ध, जिभेचे तिखट. एकदा मामांच्या दारात उभे राहून त्यांनी आत नजर टाकली. "मामा, घटना लिवली आमच्या बाबांनी, आन भिंतीवर एकटे तुमचे पैले? ह्यो कुटला न्याय म्हनायचा?" मामा गप्प झाले. मामा गप्प झाले म्हणजे काहीतरी होणार हे आम्हाला ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी सात रस्त्याला जाऊन त्यांनी बाबांचा फोटो फ्रेम करून आणला, दोऱ्यानं माप घेऊन पैल्यांच्या शेजारी लावला, आणि काकांना हाताला धरून बघायला आणलं. काकांनी एक डोळा मिटला. "तुमचा बोटभर वर हाय." मामांनी खरंच खिळा उपटला आणि पुन्हा ठोकला. तेव्हापासून दोघं जिवाचे दोस्त झाले आणि रोज संध्याकाळी पायरीवर बसून भांडायला लागले.

मी आणि मामी उंबऱ्याशी मांडीवर सूप घेऊन विड्या वळायचो आणि मामा पैल्यांचं आयुष्य सांगायचे. क्रम म्हणून काही नाही. आधी भूकंप व्हायचा, मग जन्म, मग एकदम तुरुंग, मग कॉलेजातला पहिला नंबर. तुरुंगातून सुटल्या सुटल्या, अंगात त्राण नसताना पैले भूकंपवाल्यांसाठी कसे फिरले ते सांगताना मामांना स्वतःलाच धाप लागायची. मी म्हणायची, "मामा, भूकंप होऊन गेला, आता बसा खाली." मी काही ऐकायचं म्हणून ऐकत नव्हते हो. दिवसभर पानं कापायची, तंबाखू भरायची, दोरा गुंडाळायचा, तेवढीच करमणूक. पण ऐकता ऐकता ते आयुष्य माझ्या अंगात कधी मुरलं ते कळलंच नाही. आजही विडी वळायला घेतली की मला निळीचे मळे आठवतात.

ती मामांची सगळ्यात लाडकी गोष्ट. पैले तेव्हा मोठे वकील होते. निळीच्या मळ्यात शेतकऱ्यांवर जुलूम चालला होता म्हणून ते आणि आणखी काही वकील मदतीला गेले. निघाले सेवा करायला, आणि प्रत्येकाबरोबर आपला गडी, आपला आचारी, आपली वेगळी चूल! तिथं त्यांना एका थोर माणसानं हसून हसून लाजवलं. गडी परत गेले, सगळ्यांची एक चूल झाली, आपलं ताट आपण घासायचं ठरलं. इथवर आले की मामांचा आवाज खाली यायचा. "पोरी, जातीभायेरच्या हातचं त्या मानसानं जन्मात खाल्लं न्हवतं. त्यो खाली बसला, आन खाल्लं. इंग्रजाशी लढायच्या आदी सोताच्या ताटाशी लढला बग त्यो." मामी म्हणायच्या, "तुमी कदी घासलंय ताट?" मामा उठून घासायचे. अर्धवट घासायचे, मामी पुन्हा घासायच्या, पण उठायचे.

आता नळाचं सांगते, कारण मामा आमच्या वसाहतीला कळले ते नळावर.

आमच्याकडं पाणी रोज येत नाही. सोलापूरकरांना हे काय सांगायचं! आणि यायचं तेही थोडा वेळ. टाकीखाली नळ, आणि नळापुढं अख्खी वसाहत. पाणी यायच्या आदल्या दिवशीच लोक आपली भांडी रांगेत लावून घरी जायचे. घागर, घागरीमागं हंडा, हंड्यामागं ड्रम. ज्याच्या घरी भांडी जास्त त्याचं राज्य. सकाळी पाणी आलं की हिनं तिची घागर सरकवली, तिनं हिचा हंडा भिरकावला, आणि मग एकमेकींच्या झिंज्या. एकदा नरसव्वाच्या डोक्यात हंडा बसला. नरसव्वा म्हणजे मागच्या ओळीतली तेलुगू म्हातारी, एकटी राहणारी, कुणाच्या अध्यात ना मध्यात. डोक्याला टाके पडले बिचारीच्या. आणि ह्या मारामाऱ्यांवर गबर झाला तो आप्पा. आप्पाचे पाण्याचे टँकर होते. नळावर भांडण पेटलं की कुणीतरी नळ बंद करायचं, आणि नळ बंद झाला की आप्पाचा टँकर भोंगा वाजवत हजर. टाकीजवळ आप्पाची चार पोरं नेहमी घुटमळायची, ती का, हे न कळायला आम्ही काही दूधखुळ्या नव्हतो.

नरसव्वाला टाके पडले त्या संध्याकाळी मामा घरोघर गेले. प्रत्येक दारात एकच वाक्य. "उद्या लिंबाखाली या. घटना करायची हाय."

"कसली घटना?"

"नळाची."

लोक पोट धरून हसले. हसायला म्हणून आले, आणि बसले. मामांनी एक स्टीलचा पेला आणि चमचा आणला होता. गोंगाट झाला की टण टण वाजवायचे. पहिलाच नियम सांगितला : ज्याला जी भाषा येते त्या भाषेत त्यानं बोलायचं, आणि दुसऱ्यानं ती सगळ्यांना समजावून सांगायची. आमच्यात मराठी आहेत, तेलुगू आहेत, अक्कलकोटकडचे कानडी आहेत, दखनी बोलणारे मुसलमान आहेत. एका वाक्याला चार वाक्यं व्हायची. दुसरा नियम : कुणालाही मधे तोडायचं नाही. एक बेवडा होता, तो रोज यायचा आणि रोज एकच बोलायचा, की माझी बायको मला घरात घेत नाही. मामांनी त्याला रोज पूर्ण बोलू दिलं. मी एकदा चिडून म्हटलं, "अवो मामा, ह्याच्या बायकूचा आन नळाचा काय संबंध?" मामांनी पेला वाजवला. "त्याला बोलू दे. आज बायकूवर बोलतोय, उद्या पान्यावर बोलंल." आणि खरंच एक दिवस तो उठून म्हणाला की भांडणं पहाटे अंधारात होतात, टाकीवर दिवा लावा. सगळे त्याच्याकडं बघतच राहिले. दिवा लागला.

सभा संपेचना. मी म्हटलं, "किती दिवस चालायचं?" मामा म्हणाले, "पैल्यांची घटनेची सभा तीन वरसाला आली हुती." मी कपाळावर हात मारला. "तवर तहानेलं ऱ्हायचं का?"

खरी लढाई एकाच कलमावर झाली. रांगेत नंबर कुणाचा, माणसाचा की भांड्याचा? मीच उठले आणि बोलले की नंबर माणसाचा. जो उभा राहील त्याचा नंबर. ज्याच्या घरी दहा ड्रम त्यानं दहा नंबर अडवायचे आणि माझ्यासारखीनं एका घागरीसाठी मागं मरायचं, हे चालणार नाही. शाहेदाभाभी जोरात म्हणाली, "सच्ची बात! घागर कू क्या प्यास लगती?" मग नरसव्वा उठली. "मोकाळ्ळ नोप्पी," म्हणाली आणि गुडघ्यावर हात ठेवला. तिचं म्हणणं, गुडघे दुखतात, उभं राहवत नाही, घागर ठेवून गेलं तर काय बिघडलं? तिचंही खरंच होतं. वाद तीन संध्याकाळ चालला. शेवटी ठरलं की नंबर माणसाचाच, भांडं सोडून गेलात तर नंबर गेला. आजाऱ्यानं, म्हाताऱ्यानं आपला बदली माणूस उभा करावा. हात वर झाले. मामांनी हात वर केला नाही आणि खालीही ठेवला नाही, नुसता पेला धरून बसले होते.

दुसऱ्या दिवशी मामी मला म्हणाल्या, "तुज्या कलमानं ह्यांचं मराण केलंस गं. धापंमुळं उबं ऱ्हावत न्हाय म्हनून आजवर घागर ठेवून येत हुते." मी चाट पडले. धावत गेले. "मामा, तुमी बोलला का न्हाई? तुमी एक शबूद बोलला असता तर सगळे तुमच्याकडनं झाले असते!" मामा शांतपणे टोपी वाकडी करत म्हणाले, "म्हनूनच बोललो न्हाय. सभा चालवनाऱ्यानं सोताची घागर घरी ठेवून जायाची असती."

टाकीच्या भिंतीवर सगळी कलमं रंगवून घेतली, चार लिप्यांत. पेंटर कंटाळून पळून जायला निघाला होता, मामींनी त्याला भाकरी खायला घालून थांबवला. मामा एकमतानं अध्यक्ष झाले. रोज उठून टाकीजवळ जायचे आणि भिंत वाचायचे, जसं काही रात्रीत कुणी बदलून ठेवणार आहे. नळावर मारामारी थांबली. आप्पाचा भोंगा थांबला. एखाद्या लग्नाला टँकर लागला तरच यायचा. आजूबाजूच्या वसाहतीतले लोक भिंत बघायला यायचे, मोबाईलवर फोटो काढून न्यायचे, आणि मला असं वाटायचं की हा नळ माझ्या बापानं बांधलाय.

आणि मग ह्या माणसानं काय करावं? दोन मुदती झाल्या आणि लिंबाखाली उठून म्हणाले, "आता मी उठतो. दुसरा निवडा."

मी इतकी भांडले, इतकी भांडले, की मामी कानावर हात ठेवून आत गेल्या. सगळ्यांना दिसत होतं, मामा उठले की आप्पा बसणार. त्यानं आधीच घराघरांत साड्या फिरवायला सुरुवात केली होती. "मामा, तुमी पळपुटे हाय," मी तोंडावर म्हणाले.

"पैल्यांनी दोनदा केलं," मामा म्हणाले. "मग त्यो राजवाड्याएवडा बंगला सोडला आन आपल्या जुन्या आश्रमात ऱ्हायला गेले. मी काय त्यांच्यापरीस मोटा लागून गेलो?"

"त्यांच्या मागं मानसं हुती!"

"हितं तू हाईस की."

मी दहावी नापास. शाळा सुटल्यापासून सह्या सोडून काही लिहिलं नाही. पण माझ्या डोक्यात राख गेली होती, आणि त्या रागातच मी उभी राहिले. मामांनी माझ्यासाठी एक शब्द टाकला नाही बरं का! कुणी विचारलं, कुणाला मत देऊ, तर म्हणायचे, "तुजं डोस्कं हाय का उसनं आनलंय?" मी निवडून आले ती बायांच्या जोरावर, थोडक्या मतांनी. आप्पा हसत हसत मला हार घालायला आला. "अध्यक्षीणबाई, नळ संबाळा," म्हणाला.

त्या दिवसापासून कुणी "अध्यक्ष" म्हणून हाक मारली की मामा मान वळवायचे नाहीत. कितीदा मारा. एकदा कांबळेकाकांनी गंमत म्हणून बसस्टॉपवर वीसदा हाक मारली. मामा बस सुटली तरी वळले नाहीत. शेवटी काका ओरडले, "ए म्हाताऱ्या!" तर लगेच, "काय रं?"

आप्पा वाट बघत होता. मी कुठं चुकते, कुणाची बाजू घेते, तेवढंच त्याला हवं होतं. एकदा नियम मोडला की दहादा मोडायला काय वेळ लागतो? पुन्हा हंडे डोक्यात, पुन्हा नळ बंद, पुन्हा भोंगा. मला रात्रंदिवस ह्याचीच धास्ती. आणि त्यानं वाट पाहिली ती गोष्ट झाली, पण ती मामांच्या पायानं येईल असं मला वाटलं नव्हतं.

उन्हाळ्याचे दिवस. त्या खेपेला पाणी कितीतरी दिवसांनी आलं होतं, त्यामुळं टाकीजवळ पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी मामांच्या बदली उभ्या राहणाऱ्या मामी त्या सकाळी कारखान्यात विड्या द्यायला गेल्या होत्या. मामांनी बदली माणूस सांगायचा ना! नाही. "मी काय आजारी हाय व्हय?" म्हणून स्वतः रांगेत उभे, आणि तेही चांगले पुढं. मग त्यांना ढास लागली. दम्याचा पंप घरी राहिला होता. मामांनी घागर तिथंच ठेवली आणि भिंतीला धरत धरत घरी गेले. पंप मारला, जरा बसले असतील, आणि परत आले. तोवर त्यांची घागर रांगेबरोबर लोकांनीच प्रेमानं पुढं सरकवत सरकवत नळापर्यंत आणली होती.

मी नळाशी उभी होते. मामा आले, घागरीपाशी उभे राहिले आणि माझ्याकडं बघितलं. कुणाच्या लक्षातही आलं नसतं. पण रांगेच्या बाजूला, भिंतीला लागून, आप्पाच्या पोरांनी सकाळीच निळे ड्रम आणून ओळीनं ठेवले होते. माणूस एकाही ड्रमजवळ नाही. मी दोनदा हटकलं होतं, त्यांनी ऐकलं नव्हतं. आप्पा गाडीवर बसून बघत होता.

"घ्या की मामांना, अध्यक्षीणबाई," आप्पा अगदी गोड आवाजात म्हणाला. "म्हातारं मानूस. आन नळ त्यांचाच की. घागर हुती ना रांगंत? मग झालं तर. नंबर घागरीचा." आणि पोरांकडं बघून हसला. "आपले ड्रम बी हाईतच रांगंत."

मामांना घेतलं असतं तर त्याच क्षणी ते सगळे ड्रम नळाखाली आले असते. आणि घेतलं नाही तर? समोर तो माणूस, श्वास शिट्टीसारखा वाजतोय. ज्यानं मला बोलायला शिकवलं, त्याला सगळ्या वसाहतीसमोर मागं घालवायचं? नरसव्वा म्हणाली, "असू दे गं, घे त्यांना." रांगेतले सगळे म्हणाले, घे. एकाही तोंडानं नाही म्हटलं नाही. मी म्हणाले, "मामा, मागं जावा."

मामांनी मान वर केली. सभेत विचारायचे त्याच आवाजात विचारलं, "कुटल्या कलमानं?"

"नंबर मानसाचा. भांडं सोडून गेलात, नंबर गेला."

मामांनी भिंतीकडं बघितलं. मग वाकले, रिकामी घागर उचलली, काखेला लावली आणि रांगेच्या कडेनं मागं चालायला लागले. आप्पाच्या गाडीपाशी आले तेव्हा थांबले. दम घेतला. "आप्पा, मी माजी घागर उचलली. आता तुमचे ड्रम उचला."

आप्पाचं हसू तोंडातल्या तोंडात राहिलं. त्यानं इकडं बघितलं, तिकडं बघितलं. सगळी रांग त्याच्याकडं वळून बघत होती, बाया, बाप्ये, तो बेवडासुद्धा. कांबळेकाकांनी पुढं होऊन पहिला ड्रम आडवा केला आणि गडगडत सोडून दिला. मग पोरांनीच बाकीचे उचलले. ते ड्रम आजतागायत परत आले नाहीत, आणि आप्पाचा टँकर आता मंद्रूपच्या बाजूला फिरतो म्हणतात.

पण पाणी तेवढं नव्हतं. धार बारीक झाली, करंगळीएवढी झाली, आणि मामांचा नंबर आला तेव्हा नळानं नुसता फुर्र आवाज केला. माणसं आपापल्या घागरी घेऊन पुढं आली, माझ्यातलं घ्या, माझ्यातलं घ्या. मामांनी हात जोडले. "तुमी उबं ऱ्हायलाय, तुमी प्या," म्हणाले आणि रिकामी घागर घेऊन घरी गेले. मी तिथंच टाकीच्या भिंतीला टेकून हमसून हमसून रडले.

दिवसभर मला घास गेला नाही. संध्याकाळी माझ्या वाटणीच्या पाण्यातली कळशी भरून घेतली आणि निघाले. आता हा माणूस जन्मात माझ्याशी बोलणार नाही असं मनात पक्कं होतं. पायरीवर कांबळेकाका बसले होते. माझं तोंड बघून म्हणाले, "जा, जा आत. दुपारपासनं माजं डोस्कं खाल्लंय त्या म्हाताऱ्यानं. जो येईल त्याला सांगत बसलाय, 'मला आमच्या अध्यक्षांनी रांगंतनं भायेर काडलं.' जनू सरकारनं पदक दिलंय ह्याला."

मी दारात उभी राहिले. मामा खाटेवर आडवे होते, मामी पाठीला तेल लावत होत्या. मला बघितलं आणि मामा उठायला लागले. हात टेकले, खाटेची कड धरली, श्वास वाजत होता, तरी उठले. उभे राहिले. टोपी घातली. मामी म्हणाल्या, "अवो, पडा की, आपलीच तर पोरगी हाय."

"अध्यक्ष आल्यात," मामा म्हणाले. "या."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. मला कुठं बघावं कळेना. "मामा, बसा. तुमाला बरं न्हाई."

"तुमी उब्या असताना कसं बसू?" त्यांची नजर कळशीवर गेली आणि भुवया चढल्या. "ह्ये पानी अध्यक्षांनी आनलं असंल तर परत न्यायचं."

"अध्यक्षांनी न्हाई आनलं," मी म्हणाले. "लेकीनं आनलंय."

मामा हळूच खाली बसले, खाटेवर नाही, जमिनीवर, माझ्या पायांशी, आणि दोन्ही हातांची ओंजळ पुढं केली.

"मग घाल, पोरी," म्हणाले. "सकाळधरनं तहान लागलीया."